हिरवा चहा आणि जिरावणाचा डबा

मागच्या अंकात हिरव्या चहावर दोन ओळी लिहिल्या काय, या महिन्यात सगळी पत्रं त्याचीच. सियागंजात आमची चहाची पेढी. आयुष्य गेलं ते दाणेदार आणि डस्टमध्ये, कारण इंदुरात चहा म्हणजे तोच. हिरवी पत्ती मागणारं गिऱ्हाईक तेव्हा क्वचित यायचं. आता दुकान भाच्याच्या हातात आहे आणि रोज कुणी ना कुणी हिरव्याची चौकशी करून जातं. पत्रं वाचून एक लक्षात आलं : पत्ती बहुतेकांकडे चांगली आहे, ती घरी आल्यावर बिघडते. म्हणून या वेळी काही उत्तरं लांब झाली आहेत.

प्रश्न : काका, मुलगा कंपनीच्या कामानं जपानला गेला होता. येताना सेन्चाची, म्हणजे जपानी हिरव्या चहाची, दोन पाकिटं घेऊन आला. पहिलं फोडलं तेव्हा काय सुरेख वास होता! ते फ्रिजच्या दारात ठेवलं. महिनाभरात वास गेला, रंगही मळकट झाला, आणि चव जरा मसालेदारच लागते म्हणा ना. दुसरं अजून फोडलेलं नाही. ते कसं ठेवू? आजेसासूबाईंचा एक पितळी डबा आहे, तो चालेल का? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : ताई, फ्रिजच्या दारात त्या पाकिटाच्या शेजारी काय होतं ते आधी आठवा. माझी पैज जिरावणावर! पोह्यांवर भुरभुरायचा मसाला पावसाळ्यात दमट होऊ नये म्हणून आपल्याकडे बऱ्याच घरांत फ्रिजमध्येच असतो. चहाची पत्ती वाळवून अगदी कोरडी केलेली असते, त्यामुळे आसपासचा ओलावा आणि वास दोन्ही ती ओढून घेते. सियागंजात शेजारी हिंगाची पेढी असेल तर त्या भिंतीला चहाची गोणी लावायची नाही, हे आम्हाला हमालसुद्धा ऐकवायचे.

फ्रिजच्या दाराची दुसरी भानगड म्हणजे दार दिवसातून कितीदा उघडतं त्याला हिशेब नाही. त्यात तुम्ही गार पाकीट बाहेर काढून लगेच उघडता. बाहेरची दमट हवा गार पत्तीला लागली की तिच्यावर बारीक पाणी धरतं. दिसत नाही, पण धरतं. रोज सकाळी हेच झालं तर महिन्यात पत्तीचं मातेरं होणारच.

काळ्या चहाला एवढं जपावं लागत नाही. त्याची पानं चुरडून हवेवर काळी पडू दिलेली असतात, म्हणजे हवेनं जे करायचं ते कारखान्यातच होऊन गेलेलं असतं. हिरव्या चहात ते होऊ देत नाहीत. जपानमध्ये तोडलेल्या पानांना लगेच वाफ देतात, चीनमध्ये बहुतेक ठिकाणी तापलेल्या कढईत परततात. त्यानं पान काळं पाडणारं त्यातलं विकर (एन्झाइम) निकामी होतं आणि रंग, वास टिकतो. पण टिकतो तो तात्पुरता. उजेड आणि उष्णता लागली की पानातलं हरितद्रव्य तपकिरी पडत जातं, हवा लागली की वास मरतो, आणि ओलावा असेल तर हे सगळं आणखी भरभर होतं.

आता न फोडलेलं पाकीट. ते आहे तसंच घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या आत, मागच्या बाजूला ठेवा. फ्रीझर असेल तर तोही चालेल. काढायचं तेव्हा आदल्या रात्री बाहेर ठेवा आणि पाकीट खोलीइतकं कोमट झाल्यावरच फोडा. एकदा वापरायला घेतलेली पत्ती परत फ्रिजमध्ये नाही. बाहेरच, थंड अंधाऱ्या कपाटात, आणि महिना-दीड महिन्यात संपवायचं. पाकीट शंभर ग्रॅमचं असेल तर फोडतानाच त्याचे चार भाग करा, आतून चंदेरी असलेल्या चेनच्या पिशव्यांत भरा, हवा दाबून काढा. एक वापरात, तीन फ्रिजमध्ये. कपाट गॅसच्या वरचं नको. मे महिन्यात पारा बेचाळीसवर जातो तेव्हा तिथे पत्ती अक्षरशः भाजते. आणि कपड्यांच्या कपाटात ठेवणार असाल तर डांबराच्या गोळ्या आधी बाहेर काढा.

पितळी डब्याचं म्हणाल तर वस्तू देखणी असणार, पण त्याचं झाकण सहसा हवाबंद नसतं. रात्रभर रिकामा बंद करून ठेवा, सकाळी उघडून नाक आत घाला. जो वास येईल तोच चहाला येणार. काहीच आला नाही तर पत्ती पिशवीत बंद करून ती पिशवी डब्यात ठेवा. पत्ती थेट पितळेत टाकू नका. धातूचा डबा मुळातच वाईट असं मात्र नाही. क्योतोला कायकादो नावाची पेढी १८७५ पासून हातानं चहाचे डबे करते. त्यांचं झाकण वरून नुसतं ठेवायचं, हवा हळूहळू बाहेर सरत ते आपोआप खाली बसतं. किंमत विचारू नका. आपल्यासाठी आत रबरी कडं असलेला स्टीलचा छोटा डबा पुरेसा आहे. छोटा अशासाठी, की मोठ्या डब्यात तळाला थोडी पत्ती म्हणजे बाकी सगळी हवाच साठवलेली. पारदर्शक काचेची बरणी नको.

प्रश्न : मी उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकून ठेवते. कडू काढा होतो. मध घातल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. यजमान म्हणतात, हिरवा चहा औषधासारखाच लागायचा, नाक दाबून प्यावा. (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : यजमानांना म्हणावं, आठवडाभर नाक मोकळं ठेवा.

पत्तीत कडू-तुरट करणारी द्रव्यं आहेत, कॅटेचिन आणि कॅफिन. पाणी जितकं कढत तितकी ती जोरात उतरतात. गोडसर, भरीव चव देणारं थिअनिन नावाचं द्रव्य मात्र कोमट पाण्यातही छान उतरतं. म्हणजे पाणी थोडं निवलेलं घेतलं की गोडवा येतो आणि कडूपणा मागे राहतो. जपानी सेन्चाला ७० ते ८० अंश, मिनिट ते दीड मिनिट. चिनी परतलेल्या पत्तीला, दार्जिलिंग किंवा हिमाचलातल्या कांगड्याच्या हिरव्याला ८० ते ८५, दोन मिनिटं. दीडशे मिलीच्या कपाला दोन ते तीन ग्रॅम पत्ती.

थर्मामीटर नसला तरी चालतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ च्या आसपास उकळतं. उकळलेलं पाणी एका थंड चिनी मातीच्या भांड्यात ओतलं की सुमारे दहा अंश उतरतात. तिथून दुसऱ्या भांड्यात ओतलं की आणखी तेवढेच. म्हणजे किटलीतून जगमध्ये, जगमधून कपात, आणि कपातून पत्तीवर. यात पाण्याचं मापही आपोआप होतं, कारण कप भरूनच घेतला. जपानात या मधल्या भांड्याला खास जागा आहे, चोच असलेली छोटी वाटीच असते ती. आपली दुधाची चिनी मातीची बुधली त्याच कामाची. उन्हाळ्यात भांडंच तापलेलं असतं, तेव्हा एक फेरा जास्त. आणि पाणी आधी खळखळ उकळूनच घ्या. ऐंशीपर्यंतच तापवून गॅस बंद केलेलं पाणी उकळलेलं समजू नका.

पाच मिनिटं कुठून आली त्याचा मला अंदाज आहे. चहाची पारख करणारे लोक पत्तीवर उकळतं पाणी ओततात आणि बराच वेळ ठेवतात. आयएसओ ३१०३ या मानकात तर शंभर मिलीला दोन ग्रॅम आणि सहा मिनिटं दिली आहेत. तो प्यायचा चहा नव्हे. पत्तीतला प्रत्येक दोष बाहेर यावा म्हणून तिला दिलेली शिक्षा आहे ती. मीही नमुने तसेच चाखले, आणि घरी कधीच तसा चहा केला नाही.

मध, लिंबू घाला की. लिंबानं रंग फिका पडेल, त्याला घाबरू नका. मात्र आधी एकदा नुसता पिऊन बघा.

प्रश्न : ऑनलाइन बघून गोंधळलोय. जपानी लोखंडी किटली, बाजूला दांडा असलेलं मातीचं भांडं, काचेचं गाळणीवालं, चिनी झाकणवाटी. बजेट आहे, पण एकच घ्यायचंय. (विजयनगर, इंदूर)

उत्तर : भिया, लोखंडी आधी यादीतून काढा. ती दोन प्रकारची येते. आतून मुलामा दिलेली असते ती चहाची, ती गॅसवर ठेवायची नसते. आतून उघडं लोखंड असतं ती फक्त पाणी उकळायची, तिच्यात पत्ती टाकली की चहा काळपट होतो. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो ना, तीच गत. शिवाय जड लोखंड उष्णता धरून बसतं, आणि हिरव्या चहाला नेमकं तेच नको असतं. दिसायला झकास आहे, यात वाद नाही.

झाकणवाटी म्हणजे गाइवान. झाकण जरा तिरकं धरून त्या फटीतून चहा ओतायचा. चिनी पत्तीला तिच्याइतकं चांगलं काही नाही, फक्त सुरुवातीला बोटं भाजतात. ती दुसऱ्या वर्षी घ्या.

बाजूला दांडा असलेलं ते क्यूसू. सेन्चा रोज होणार असेल तर हेच. तोकोनामे गावची लाल मातीची प्रसिद्ध आहेत. घेताना तीन गोष्टी बघा. मापात दोनशे ते तीनशे मिलीपेक्षा मोठं नको. चोचीच्या तोंडाशी आत बारीक गाळणी हवी, कारण सेन्चाची पत्ती बारीक असते आणि मोठ्या भोकांतून सगळी कपात येते. तिसरं, तुम्ही डावखुरे आहात का? दांडा उजव्या हाताच्या हिशेबानं बसवलेला असतो, डाव्या हातानं ओतताना मनगट पिळवटतं. डावखुऱ्यांसाठी वेगळी मिळतात, मागून घ्यावी लागतात. आतून झिलई नसलेलं भांडं साबणानं घासायचं नाही. गरम पाण्यानं विसळून उघडं वाळू द्यायचं.

आता खरं सांगू? तुमचा चहा लोखंडी सोडून बाकी तिन्हींतल्या कुठल्याही भांड्यात चांगला होईल, जर पाणी आणि पत्ती वेळेवर वेगळी झाली तर. सगळी गोम तिथे आहे. ओतताना भांड्यात घोटभर पाणी मागे राहिलं की पत्ती त्यात भिजत पडते आणि पुढचा कप कडू. म्हणून भांडं पूर्ण पालथं करून शेवटचा थेंबसुद्धा काढायचा. तोच सगळ्यात दाट असतो. दोन कप असतील तर थोडा यात थोडा त्यात असं आलटून पालटून ओता, म्हणजे शेवटचा माणूस दाट चहात अडकत नाही. मोठ्या काचेच्या किटलीत हे होत नाही. लोक दोन कप पाणी घालतात, एकच कप ओततात, आणि मग मला पत्र लिहितात.

साखळीला लटकवायचा जाळीचा गोळा घेऊ नका. पत्ती भिजल्यावर फुलते, तिला त्यात जागाच नसते. कपाच्या तोंडाएवढी रुंद स्टीलची जाळीची टोपली बर्तन बाजारात स्वस्तात मिळते, ती उत्तम. तीही नको असेल तर घरातलं छोटं पातेलं आणि नेहमीची चहाची गाळणी. वाचलेल्या पैशांत एक दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. चमच्याचा भरवसा नाही, कारण बारीक सेन्चाचा चमचा आणि मोठ्या पानाच्या पत्तीचा चमचा यांच्या वजनात दुपटीचाही फरक पडतो. सराफ्यातल्या काट्याची ऐट आपल्याला नको. तिथे आपण रात्री जायचं, भुट्ट्याच्या किसासाठी.

प्रश्न : जपानी पत्ती परवडत नाही. आपल्याकडची हिरवी कुठली चांगली? (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : कांगडा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे चिनी जातीची झुडपं लागली, आणि तिथला हिरवा चहा अमृतसरमार्गे अफगाणिस्तान, मध्य आशियापर्यंत जायचा. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपानं मळे आणि कारखाने बसले, त्यातून तो धंदा पूर्वीसारखा कधी उभा राहिला नाही. २००५ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चव सौम्य, किंचित गोडसर. दार्जिलिंगचा हिरवाही छान, आसामचा जरा ठणठणीत. नाव कुठलंही असो, पाकिटावर पॅकिंगचा महिना बघा. वसंतातली तोडणी सगळ्यात नाजूक असते, आणि जुन्या भारी पत्तीपेक्षा ताजी साधी पत्ती कधीही बरी.

प्रश्न : आमच्या सोसायटीत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, उन्हाळ्यात बोरिंगचं. बोरिंगच्या पाण्यात चहावर तवंग येतो. पत्ती खराब आहे का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : पत्ती बिचारी निर्दोष आहे. बोरिंगच्या जड पाण्यातलं चुन्याचं द्रव्य चहातल्या द्रव्यांशी मिळून वर पापुद्रा धरतं. रंग मळतो, वास दबतो. दुधाच्या चहात ते खपून जातं, यात नाही. नर्मदेचं पाणी जलूदहून १९७८ पासून येतंय, चहाला ते बोरिंगपेक्षा बरंच बरं. ज्या दिवशी येईल त्या दिवशी चहापुरतं गाळून वेगळं ठेवा. आरओ असेल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, बघा. ५० ते १५० च्या मध्ये असलं की छान. अगदीच दहा-वीसवर आणलेलं पाणीही चहाला सपक करतं. थोडं साधं गाळलेलं पाणी त्यात मिसळून, उकळून घ्या.

प्रश्न : हे श्रीनगरला पोस्टिंगवर होते, तिथून काहव्याची पत्ती आणली. तिथली बाई ती खुशाल उकळत असे, तरी कडू नाही! मग तुमचे ते अंश वगैरे? (महू)

उत्तर : वहिनी, तिनं चार कपांना पत्ती किती घातली ते बघितलंत का? अर्धा चमचा असेल. काहव्यात पत्तीचं काम रंगापुरतं आणि किंचित तुरटपणापुरतं. चव वेलदोडा, दालचिनी, केशर आणि बदामाची, वर साखर. तुम्ही आधी मसाला उकळा, गॅस बंद करा, मग पत्ती टाकून दोन मिनिटं झाका. केशर शेवटी. काश्मिरातल्या गुलाबी नून चहालाही हिरवी पत्तीच लागते. ती सोडा घालून बराच वेळ उकळतात, मग दूध आणि मीठ. त्याला माझे अंश लागू नाहीत, मान्य.

प्रश्न : तीच पत्ती पुन्हा वापरता येते का? ऑफिसला थर्मासमधून नेला तर? आणि वजन खरंच कमी होतं का? (वडोदरा)

उत्तर : पुन्हा येते, त्याच बैठकीत. दुसऱ्या वेळी पाणी थोडं जास्त गरम आणि वेळ पंधरा-वीस सेकंदच, कारण पान आधीच उघडलेलं असतं. तिसऱ्या वेळी थोडा जास्त. ओली पत्ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची नाही. थर्मासमध्ये केलेला चहा न्यायचा नाही. तासाभरात तपकिरी होतो आणि वास उतरतो. थर्मासमध्ये गरम पाणी न्या, पत्ती कागदाच्या पुडीत. टी बॅग चालेल, पण तिच्यात चुरा असतो आणि तो झटकन उतरतो, मिनिटात बाहेर काढा.

वजनाचं मला विचारू नका, मी चहावाला आहे. एवढं नक्की, की चहा जेवणातलं लोह पुरतं अंगी लागू देत नाही. त्यामुळे जेवण आणि चहा यात तासाभराचं अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहाबरोबर कधीच नको. हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न : कपाटात गेल्या वर्षीचा हिरवा चहा सापडला. बुरशी नाही, पण गवतासारखा कोरडा वास. टाकून देऊ? (देवास)

उत्तर : बुरशी किंवा ओलसर वास असता तर टाका म्हणालो असतो. नुसता शिळा असेल तर भाजा. कोरडी जाड कढई, ज्यात कधी फोडणी झालेली नाही अशी. मंद आच, पत्ती सतत हलवत राहायची. आधी हिरवा वास सुटेल, मग खमंग. पानं तपकिरी झाली की लगेच ताटात पसरा, कढईत राहिली तर करपतील. जपानात याला होजिचा म्हणतात. या पत्तीवर बिनधास्त उकळतं पाणी ओता, अर्धं मिनिट पुरतं. कडूपणा फार राहत नाही, रात्रीच्या जेवणानंतर बरा वाटतो. पत्ती गार झाल्यावरच डब्यात भरा आणि पंधरवड्यात संपवा.

प्रश्न : चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वीस-पंचवीस जणी येतील. पन्ह्याऐवजी गार हिरवा चहा द्यावा म्हणते. बर्फ घालून केला तर पांचट होतो. (रामबाग, इंदूर)

उत्तर : ताई, बर्फच नको आणि गॅसही नको. उकळून गार केलेलं दोन-अडीच लिटर पाणी घ्या, लिटरला दहा ग्रॅम पत्ती टाका, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. चार-पाच तासांत उतरतो, कडूपणा जवळपास नाहीच. स्वच्छ मलमलच्या फडक्यातून गाळा, पिळू नका. पत्ती काढूनच बाटल्या परत फ्रिजमध्ये ठेवा, आणि उरला तर दुसऱ्या दिवशी संपवा. पुदिन्याची दोन पानं चालतील, जिरावण नको. आणि पन्ह्याऐवजी कशाला? दोन्ही ठेवा. आंब्याच्या डाळीबरोबर पन्हं, आणि गप्पा रंगल्या की चहा.